गंगामावशीची नखं

शनिवार, संध्याकाळ. सुलतानपूर.

आज मन हलकं आहे, तरी एक गोष्ट सलतेच. नव्या नियमाप्रमाणे प्रशिक्षण घेतलेल्या सुईणीलाच साबण-कात्रीची सरकारी पेटी मिळणार. नियम चांगलाच आहे. पण त्यासाठी गावातली सगळ्यात जुनी सुईण, गंगामावशी, हिला माझ्यासारख्या नव्या नर्सपुढे विद्यार्थिनी म्हणून बसवायचं? पंधरा दिवस ती वर्गाला आलीच नाही.

आज आली, दाराशीच बसली. मी सगळ्याजणींची नखं पाहत होते. तिच्यापाशी गेले, तर तिने हात पदरात लपवले.

“मले काऊन शिकवता बाई? अर्धं गाव या हातावर आलं.”

मी म्हटलं, “मावशी, मूल आडवं असलं तर हाताला कसं कळतं, ते मला पुस्तकातून नीट समजलं नाही. तुम्ही दाखवा.”

ती उठली. तपासणीला आलेल्या शांताच्या पोटावर तिने माझा हात धरून फिरवला. “हे डोकं. हे पाय. समजलं?”

खरंच समजलं.

मग तिनेच हात पुढे केले. “कापा नखं. घाण राह्यते त्याइच्यात, खरं हाय तुमचं.”

मी मनापासून विचारलं, की तिला वळवायला? थोडं दोन्ही. संध्याकाळी कागद भरताना ‘शिकवणारी’ या रकान्यात माझं एकटीचं नाव लिहवेना. खाली तिचंही लिहिलं. साहेब खोडतील कदाचित. खोडू देत.