भरलेल्याला वाट आधी

दिनांक १४ ऑक्टोबर २०१९, सोमवार. सकाळी चर्चमध्ये मीसाला जाऊन आले. पोदेराने न सांगता दोनच पाव दिले. दुपारी पेज घेतली. काल पौर्णिमा झाली, पाणी उधाणाचे आहे.

मी, पिएदाद रेबेलो, वय त्र्याहत्तर, बार्जच्या धक्क्यावरची निवृत्त लोडिंग कारकून, बार्ज चालवणारे तांडेल कायतान रेबेलो यांची विधवा. माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही. आम्हांला मूल नाही, आईवडील हयात नाहीत, म्हणून सक्तीचा हिस्सा मागणारे कोणी नाही. कायतानने आपला अर्धा भाग नोटरीसमोर मला लिहून दिला होता. तो ऑगस्टच्या शेवटी गेला. तेव्हा आता जे आहे ते सगळे माझे, आणि त्याची व्यवस्था मी अशी लावते.

एक. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पुतणी लविना रुझार रेबेलो हिला. शेजारच्या फर्नांदिसांच्या वाटेवरच्या आंब्याची फळे पूर्वीसारखीच दोन्ही घरांनी घ्यावीत.

दोन. माझ्या एकवीस वह्याही लविनालाच. त्यांत धक्क्यावरचा रोजचा माल, म्हणजे खाणीची लोखंडी माती, टिपलेला आहे. ट्रक दहा टनांचा, बार्ज हजार टनांची, मालगाडी साडेतीन हजार टनांची. हे आकडे मला पाठ होते आणि मला त्यांचा गर्व होता. माझा दीर रुझार ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, "वहिनी, तुमची बार्ज म्हणजे म्हैस. एकदा बसली की बसली." मी म्हणायचे, तुझा ट्रक म्हणजे माशी, प्रत्येकाच्या ताटावर धूळ. पण वाहन केवढे यावर माल जात नाही. वाटेतली सर्वांत अरुंद जागा केवढी, त्यावर जातो. मालगाडीला कुळ्याचा घाट, ट्रकला शाळेजवळचे वळण, बार्जला आमचा कालवा. हे मी शिकले ते चूक करून.

तीन. ती चूक इथे लिहिते. पावसाळ्यात आग्वादचे तोंड वाळूने बंद असते, तेव्हा मांडवीतल्या सगळ्या बार्ज कालव्यातून बंदराकडे जातात. १९ सप्टेंबर १९८८ रोजी भांगाची, म्हणजे अष्टमीची कमी चढणारी भरती होती. अशा पाण्यात कालव्यातून सातशे टनांवर न्यायचे नसते. धक्क्यावर ट्रकांची रांग लागली होती, बंदरात जहाज थांबले होते. मी नेहमीचे हजार टन भरायला सांगितले आणि चिठ्ठीवर सही केली. कायतानने पाण्याकडे पाहिले. "आज भांग आहे ना?" एवढेच म्हणाला. मी म्हटले, जाईल. तो म्हणाला, "तुझी सही आहे, मग पुरे."

आमच्या घरासमोरच्या वळणावर बार्ज रुतली. मागे नऊ बार्ज अडकल्या. मग कंपनीने माल सडकेने थेट बंदराकडे धाडला, म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रक आमच्या दारावरून जाऊ लागले. लोडिंग बंद असल्याने मी घरीच होते. दुपारी खलाशांनी कायतानला होडीतून काठाला आणले. छातीत कळ, घामाने भिजलेला.

रांगेत रुझारचा ट्रक होता. वडिलांची होडी विकून त्याने पहिला ट्रक घेतला, तेव्हापासून अकरा वर्षे दोघे भाऊ बोलत नव्हते. भरलेला ट्रक चढावर रांगतो. रुझारने मागच्यांचे हॉर्न ऐकले नाहीत, ट्रक आमच्या काठाच्या जागेत घातला, दहा टन माती तिथेच ओतली आणि खाली उतरला. कायतान म्हणाला, "भरलेला होतास ना रे?"

कालव्यातला रिवाज असा आहे की रिकाम्या बार्जने काठाला लागायचे आणि भरलेलीला आधी जाऊ द्यायचे. रुझार म्हणाला, "आता मी रिकामा. भरलेला तू आहेस. चल, बस."

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपले होते. त्या अर्ध्या तासाची मला एकतीस वर्षे मिळाली.

चार. चौकशीत ठपका तांडेलावर आला. वळण चुकले, असे लिहिले गेले. वर्षभर त्याचे काम बंद होते. मी खरे सांगायला निघाले तेव्हा कायतान म्हणाला, "दोघांची नोकरी कशाला घालवायची? माझी परत येईल. तुझी नाही येणार." मी गप्प बसले. तो ठपका आता मी माझ्या नावावर घेते. त्या दिवशीच्या चिठ्ठीची माझ्या सहीची प्रत सोबत जोडली आहे. या कलमाची नक्कल तांडेलांच्या संघटनेत फळ्यावर लावावी. कायतान दारू प्यायला असेल, असे चौकशीत म्हणणाऱ्या साहेबांसाठी मी काही ठेवत नाही, जुना रागसुद्धा नाही.

पाच. काठाची जागा. ती बार्जसाठीच राहावी, असे कायतान पूर्वी म्हणत असे. आता खाण बंद आहे, बार्ज उभ्या आहेत, रुझारचा ट्रकही शाळेसमोर उभा आहे आणि पंचायत तो हलवायला सांगते. रुझारने माझ्याकडे काही मागितले नाही. म्हणून ही जागा मी त्याला देते. ट्रक तिथे उभा करावा. अटी दोन. पाण्याकडची दोन मीटर वाट आणि बार्ज बांधायचा खुंट मोकळा ठेवावा. आणि गवताखालचा मातीचा ढीग कोणी उचलू नये. तो माल कोणत्याच वहीत नाही.

रुझारचे आभार मी कधी तोंडाने मानले नाहीत. ते इथे मानते.

साक्षीदार : शांताराम गावकर, त्याच धक्क्यावरच्या वजनकाट्याचे निवृत्त कारकून. त्यांनी तिसरे कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, "बाई, आम्हांला माहीत होते." दुसऱ्या, एस्पेरान्सा कुलासो, शेजारीण.

सही : पिएदाद रेबेलो
ठिकाण : राहते घर, कालव्याच्या काठी

सवयीने शेवटची नोंद. साक्षीदार साडेपाचला गेले. दोन पेले विसळून ठेवले. रात्री झोपण्याआधी पाहिले, पाणी खुंटाच्या वरच्या खुणेला आले होते. खाली जाऊन आमची होडी दोन हात वर ओढली आणि बांधली.