देवाने मोकळी केलेली वायर

दिनांक : १० जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
केबल व इंटरनेट सेवा कक्ष, सिंधुदुर्ग

अर्जदार : मधुसूदन विष्णू पेडणेकर, वय ७१, निवृत्त पोस्टमास्तर, मु. भाटीवाडी, ता. मालवण

विषय : गावातील केबलवरून दुसऱ्या कंपनीस इंटरनेट देण्याची मुभा मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांच्या तीन पोचा.

महोदय,

१. सादर करण्यात येते की, अर्जदाराची पत्नी तुळसा दोन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगी अवनी पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते. आईला उठवणे, न्हाऊ घालणे तिच्याच बळावर चालते. वाडीत मोबाईलला रेंज नाही. इंटरनेट येते ते केबलवाले बाळा गावकर यांच्या वायरीवरून, आणि येते म्हणणेही धाडसाचे आहे. अवनीचे काम लोकांच्या तक्रारी ऐकण्याचे. तक्रारदार अर्ध्यावर तुटतो आणि दुसरी तक्रार करतो. कंपनीने बजावले आहे की, १ ऑगस्टला पुण्यात हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. तुळसाची औषधे त्याच पगारातून येतात.

२. कुडाळची एक कंपनी बाळा यांना भाडे देऊन त्याच वायरीवरून चांगले इंटरनेट द्यायला तयार आहे. बाळा यांचे उत्तर : "वायर माझी, खांबे माझे. घेवचा आसात तर माझा घ्या, नायतर मोबाईल घेवन माडार चढा." खांब त्यांनी पदरमोड करून उभे केले हे कबूल, भाडे त्यांना मिळालेच पाहिजे. पण धक्का एकाने बांधला म्हणून बाकीच्या होड्यांनी समुद्रातच राहावे काय?

३. येथे अर्जदारास स्वतःची चूक मान्य करावयाची आहे. चार वर्षांपूर्वी वादळात पडलेले खांब बाळा यांनी आठ दिवसांत उभे केले. गाव इतका हरखला की, देवळात देवाच्या साक्षीने गाऱ्हाणे घालून, या खांबांवर दुसऱ्या कोणाचे काही चालू देणार नाही, असा शब्द दिला. सर्वांत मोठ्याने "होय म्हाराजा" अर्जदारच ओरडला होता. बाळा आता तोच शब्द पुढे करतात. म्हणून गेल्या सोमवारी देवाला पुन्हा कौल लावला. देवाने पाव तासात उजवा कौल देऊन गावाला शब्दातून मोकळे केले. बाळा म्हणतात, "देवान तुमका सोडल्यान, माका खंय इचारल्यान?" देवाकडचे काम झाले, आपल्याकडचे राहिले आहे.

४. तुळसाला सगळे समजते. काल अडखळत म्हणाली, "जाव दे तिका. माझा काय ता देव बगीत." अर्जदाराला ते ऐकवले नाही. तो उठून पडवीत गेला.

५. सबब, ३१ जुलैपूर्वी सदर वायर भाडे ठरवून इतर कंपन्यांस खुली करण्याचा आदेश व्हावा. तसे नियमात बसत नसल्यास, १ ऑगस्टपासून आपल्या कार्यालयातील एक धडधाकट शिपाई रोज सकाळी सात व सायंकाळी सहा वाजता अर्जदाराच्या घरी पाठवण्याची तजवीज व्हावी. अवनी परवा बाजारात गेली असता अर्जदाराने पत्नीला एकट्याने उचलून पाहिले. दोघेही पडली. अवनीला हे अद्याप सांगितलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
म. वि. पेडणेकर