शेळीचं कार्ड

सर, तुमचा मुलगा काल हिंगोलीहून माझ्याकडे बाळापूरला आला, म्हणून हे लिहावं लागतंय. कॉलेज तुमचा स्मृतिग्रंथ काढतंय. त्यात 'विधेय' हा तुमचा लेख पहिला घेणार, आणि त्याची मूळ कार्डं हवीत. "मॅडम, बाबांचे कार्डं तुमच्याकडंच हायेत म्हणतेत," तो म्हणाला. बाबांचे! मी चहा दिला, कार्डं दिली नाहीत. उद्या ये म्हटलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी तुमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मी उठून विचारलं होतं. 'शेळी गाभण आहे' यात व्याकरणाचे सर 'गाभण आहे' एवढं सगळं विधेय धरतात. तुम्ही नुसतं 'गाभण' धरता आणि 'आहे' बाजूला काढता. मग खरं कोणतं? हजेरीपटात लपवलेल्या गाईडमधून तुम्ही मानही वर केली नाही. "काहून डोकं खाऊन राहिलीस? परीक्षेत येतं तेवढं लिही." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलात. "एवढी हौस हाय तर सगळ्या विभागांत फीर. एका कार्डावर विधेयाचा एक अर्थ, आन् खाली सांगणाऱ्याचं नाव. नावाबिगर कार्ड मला चालत न्हाई."

मी दोन वर्षं फिरले. संस्कृतच्या बाई मला दारातच उभं करतात, गणिताचे सर फळ्यावर काहीतरी खरडून निघून जातात, आणि मी व्हरांड्यात बसून कार्ड लिहितेय. एकेचाळीस झाली. मग परिसंवादात, नव्या सफारीत, तुम्ही ती लेख म्हणून वाचलीत. सांगणाऱ्या सगळ्यांचे आभार मानलेत. विचारणारीचं नाव कुठेच नव्हतं. "तू तर विद्यार्थिनी, तुझं कशाला?" म्हणालात, आणि काम झाल्यावर कार्डांसकट पत्र्याचा डबा मला बक्षीस दिलात. उष्टं ताट पुढे सरकवावं तसा. तुम्ही आळशी होता आणि भित्रेही. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात शिकवलं. तिथल्या कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं, की यादीतल्या प्रत्येक नोंदीला हो किंवा नाही म्हणून चाळणारी अट, तिलाही 'विधेय' हेच नाव. मी बेचाळिसावं कार्ड केलं, खाली त्यांचं नाव घातलं. एवढं सोपं असतं ते.

आज मुलगा आला. म्हटलं, आधी लेखावर माझं नाव लिही.

"आता कशाला, मॅडम? बाबा तर गेले."

"होते तेव्हाही 'कशाला?'च म्हणाले."

तो मान खाली घालून हसला. "बराबर हाय तुमचं." माझ्यासमोर लिहिलं.

डब्याच्या तळाशी आणखी एक कार्ड आहे, ते मला ठाऊक होतं. बक्षिसासोबत आलेलं, तुमच्या अक्षरातलं. गणिताच्या सरांचं मला न कळलेलं विधेय. '—— गाभण आहे. रिकाम्या जागी एकेक शेळी घालून बघ. कुठे खरं ठरेल, कुठे खोटं. जागा रिकामी तोवर दोन्ही नाही.' इतकं स्वच्छ मला कुणीच सांगितलं नाही. मी दर वर्षी वर्गात हेच सांगितलं. पोरं हसायची, त्यांना कळायचं, आणि त्यांना वाटायचं हे मॅडमचंच. मी वाटू दिलं.

दिलं ते असं: पत्र्याचा डबा एक. कार्डं बेचाळीस, नावांसह. शेळीचं कार्ड एक. त्याखाली नाव नव्हतं, तुमचं लिहून दिलं.