पाऊण इंची स्क्रूच्या डबीतल्या गोळ्या

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र आईच्या पर्समधून येतंय. अंथरुणाला खिळलेली मावशी सारखं आईचं नाव घेतेय असं तू कळवलंस, तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. वाटेत एकदा विमान बदलून परवा सकाळी पोचेल, तेव्हाच हे तुझ्या हाती पडेल.

औषधांची चिंता नको. सर्दी, ॲसिडिटी, डोकेदुखी, सगळ्यांच्या साध्या गोळ्या दिल्यात. त्या पाकिटांचा केवढा पसारा! म्हणून सगळ्या सोलून दुकानातल्या स्क्रूच्या रिकाम्या डब्यांत भरल्या. धुऊन पुसून हं! पाऊण इंचीत सर्दी, एक इंचीत ॲसिडिटी. आईकडून पाठ करून घेतलंय. मला खिळेमोळेवाला म्हणून चिडवतेस ना, आता बघ कारागिरी.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं नुसते रडलो, म्हणून नीट लिहिते. विमान बदलताना आईची हातातली पिशवी तपासली, त्यात डब्या निघाल्या. वर तुझ्या अक्षरात पाऊण इंची, आत पांढऱ्या गोळ्या. तपासणीवाल्या बाईंनी हे काय म्हणून विचारलं. आई पाठ केलेलं सगळं विसरली आणि स्क्रू आहेत म्हणाली. झालं! तिला बाजूच्या खोलीत बसवलं. बाई वाईट नव्हत्या, पाणी दिलं. मूळ पाकिटं असती तर लगेच सोडलं असतं, असंही म्हणाल्या. आईने तुला फोन लावला, तर तो नेहमीसारखा गल्ल्यात पडलेला.

खात्री होईपर्यंत विमान गेलं. मावशी दुपारपर्यंत दाराकडे बघत होती. आई संध्याकाळी पोचली, तोवर सगळं संपलं होतं.

मीही कमी दोषी नाही. एवढा विमानप्रवास करते, पण औषधं पाकिटातच ठेव एवढं सांगायचं सुचलं नाही. तुझा विषय काढला की आई खोलीबाहेर जाते.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी धाकटी

ता. १४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करायची हिंमत होत नाही. दुकानात कुणी पाऊण इंची मागितले की संपलेत म्हणून सांगतो. काल तर भरलेला कप्पा समोर असताना सुताराला परत पाठवलं. त्याने कप्प्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

माझा अतिशहाणपणा नडला, दुसरं काय! तुझी बहीण तुला शेवटची दिसली नाही, ते माझ्यामुळे. हवं तेवढं रागाव, पण बोल.

माया मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा दादा

ता. २१ मार्च

चि. दादास,
अ. उ. आ.

रागावले होते, खोटं कशाला बोलू? तुझं नाव निघालं की उठून जायचे. मग रडून रडून नाक चोंदलं, तेव्हा हात आपोआप पाऊण इंचीकडे गेला. गोळी घेतली आणि पुन्हा रडले.

ताई माझ्यासाठी कधी थांबायची नाही रे. शाळेत जाताना माझी वेणी घालायची आणि स्वतः पुढे निघून जायची. आयुष्यात एकदाच थांबली, तीही दुपारपर्यंत. ते तुझ्यामुळे हुकलं, हे खरं. तू माझा आहेस, हेही खरं. दोन्ही घेऊनच आता जगायचं.

रविवारी निघतेय. गोळ्या धाकटीने पाकिटासकट दिल्यात. डब्या रिकाम्या आणतेय, त्यांत स्क्रू भर आणि त्या सुताराला बोलावून दे.

न्यायला ये. आणि फोन खिशात ठेव.
तुझी आई