पलीकडे वाजते ती आमची घंटा

८ फेब्रुवारी १९५३, रविवार

— आणि वर फादर थिल मलाच शिकवतात, "कॅट, घंटा सगळ्या सारख्याच वाजतात." सारख्याच? लेकरं सगळी सारखीच रडतात, असं कुठल्या आईला सांगून बघा! चौदा वर्षं मी आमच्या शाइडेलच्या चर्चचा दोर ओढलाय. सासऱ्यांनी हात टेकले तेव्हापासून, पार जर्मनांनी घंटा उतरवून नेली तोवर. मला सांगताय?

सोमवारपासून घसा फोडून सांगतेय. नदीपलीकडे जर्मनांच्या डालबाखात नवा बुरूज झाला. सोमवारी मेणबत्त्यांच्या सणाला त्यांची घंटा पहिल्यांदा वाजली. मी गोठ्यात होते — दुधाची बादलीच सुटली हातातून. दोन टोल सरळ, आणि तिसऱ्याची शेपटी लांबत जाते, वासरू हंबरतं तशी. आमचीच! ४३ साली तोफा ओतायला नेली होती. वितळली म्हणून आम्ही रडून मोकळे झालो. वितळली नाही! आहे! आणि वाजते कुठे — त्यांच्याच दारात!

एमिलला विचारलं, "ऐकलंस ना?" नवरा माझा म्हणतो, "बादली धू."

९ फेब्रुवारी

सकाळी रूळ बडवला. बुरुजात घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलाय. लढाई संपल्यापासून तोच. हातोडीनं मारायचा. लग्नालाही तोच, मयतालाही तोच.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या वयाइतके टोल. आठ वर्षांत सगळ्यांचे मारले त्या रुळावर. एकाचेच नाही मारले. माझ्या लोइसचे. एकवीस.

जर्मनांनी आमचा देश गिळला, आमच्याच पोरांच्या अंगावर त्यांची वर्दी चढवली आणि रशियात धाडली. ४४ च्या जुलैत लोइस गेल्याचा कागद आला, गरुडाच्या शिक्क्याचा. तोवर घंटाही गेलेली. पोटच्या पोराला काय लोखंड बडवून निरोप देऊ? म्हटलं, घंटा येईल तेव्हा.

आता येणार!

११ फेब्रुवारी, बुधवार

माझा भाऊ थाइड आला दक्षिणेहून, पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर असतो. दारातूनच ओरडत आला. "कॅट, कालपासून जर्मनांचा कोळसा बिनजकात! सहा देशांनी सह्या केल्यात. कोळसा, खनिज, भंगार — नाक्यावर एक पैसा नाही!" तीन ग्लास आलुबुखाराची दारू प्यायला आणि मला समजावत बसला. कोळसा आणि पोलाद एकमेकांच्या हातात दिलं की कुणाला गुपचूप तोफा करता येणार नाहीत म्हणे. आपल्याच राजधानीत हापिस काढलंय, सहा देशांचे शहाणे एका टेबलाशी बसतात.

मी म्हटलं, "बसू देत. घंटा येते का सांग."

तसाच त्याला ओढत नदीवर नेला. जुना पूल ४४ साली उडवला, आता लाकडी साकव आहे, आमच्या टोकाला नाका आणि आडवा दांडा. नाकेदार नेकेल पाव खात होता.

"घंटा आणायची झाली तर जकात किती?"

"कोणत्या यादीत घालू, कॅटबाई? वाद्य? घरसामान?"

"कोळसा येतो ना फुकट!"

"घंटा कोळसा आहे का?" मग डोकं खाजवून म्हणाला, "भंगार म्हणून लिहा. भंगार माफ आहे."

"भंगार तुझा बाप!"

थाइड हसून हसून साकवाच्या कठड्यावर पडला. नेकेल बिचारा कागद वाचत राहिला. "तसंही चालणार नाही. लोखंडी भंगार लिहिलंय. तुमची काशाची असणार."

१५ फेब्रुवारी, कार्निव्हलचा रविवार

डालबाखला गेले! सीमेचा पास माझ्याकडे आहे, पलीकडच्या काठावर आमचं गवताचं रान आहे म्हणून. एमिलनं कधी काढला नाही. त्या मातीत पाय ठेवणार नाही म्हणतो, आठ वर्षांत ठेवला नाही. रान मीच कापते.

डालबाखचा दोर ओढते ती अग्नेस नावाची बाई. माझ्याच वयाची, माझ्याहून रुंद. कणकेच्या गाठी तळत होती, आम्ही कार्निव्हलला तळतो तशाच. साखर जरा जास्त.

"कोण गं तू?"

"घंटा जिची आहे ती."

तिनं झारा खाली ठेवला नाही. "म्हणजे तो रूळ बडवणारी तूच! आमच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलंय तुझ्या पायी."

"तुमच्या लोकांनी घंटा नेली म्हणून बडवते. परत दे."

"आमच्याही दोन नेल्या. त्या वितळल्या. कुणाकडे मागू? आणि ही मी काय चोरून आणली? हाम्बुर्गला लढाईत नेलेल्या सगळ्या देशांच्या घंटांचा ढीग पडला होता. आम्ही अर्ज केला. तिच्यावर आमच्या गावाचं नाव आहे म्हणून आमच्याकडे धाडली."

"खोटं!"

"मग चढ आणि वाच."

वाचू काय? मी चौथीत होते तेव्हा चौदा सालचे शिपाई शाळेत राहायला आले, तिथं माझी शाळा संपली. आणि घंटेवरचं सगळं लॅटिन. वर चढायच्या जिन्याची किल्ली त्यांच्या मास्तरकडे, मास्तर परगावी.

गंमत म्हणजे तासभर भांडलो आणि एक शब्द अडला नाही. बोली तीच. शिव्यासुद्धा त्याच!

"खा एक," म्हणाली. नाही खाल्ली. एक खिशात घातली. एमिलनं खाल्ली. "कुणाच्या घरची?" "तुला काय करायचंय?" "बरीय."

२२ फेब्रुवारी

फादरांनी डालबाखला पत्र लिहिलं. उत्तर नाही.

१ मार्च

नाही.

८ मार्च

नाही! उपासाचे दिवस म्हणून शिव्या देता येत नाहीत, एवढंच. आणि पवित्र गुरुवारी, २ एप्रिलला, सगळ्या घंटा रोमला जातात म्हणे. मग ईस्टरपर्यंत मुक्या. त्याच्या आत मला एकवीस टोल हवेत. यंदा हवेत. आठ वर्षं थांबले, आता एक महिनाही थांबवत नाही.

१४ मार्च, शनिवार

 नीट लिहिते.

फादर थिलना एका दिवसाचा पास मिळाला, त्यांना घेऊन डालबाखला गेले. डालबाखचा मास्तर कंदील घेऊन पुढे, मी मागे, माझ्यामागे अग्नेस धापा टाकत. वर गेले आणि हात लावला तिला. तीच. ओठाला तो टवका, सासऱ्यांच्या हातून लागलेला. कमरेवर पांढऱ्या रंगात हाम्बुर्गचा नंबर, जनावरांना टोचतात तसा. मी म्हटलं, "बघा! बघा! काय सांगत होते!"

मग अग्नेसनं एप्रनच्या टोकाला व्हिनेगर लावून मागची बाजू पुसली. आमच्या बुरुजात ती बाजू भिंतीकडे असायची. जन्मात कुणी पाहिली नव्हती. आधी नुसतं डालबाखचं नाव दिसत होतं, आता काजळीखालून बाकीची अक्षरं वर आली. मास्तर आणि फादर दोघं वाकले, एक शब्द हा, एक शब्द तो —

"शाइडेल आणि डालबाख एका आगीत जळलो. उरल्यासुरल्या भांड्यांतून दोघांनी मला ओतलं. मी दोघांना हाक मारते. सोळाशे नव्वद."

 मग मास्तर सुटला. फ्रेंच राजाच्या फौजेनं दोन्ही काठ जाळले होते. त्यानंतर लोरेनहून घंटा ओतणारे फिरस्ते आले, ते असेच गावोगाव फिरायचे, आज या राजाच्या मुलखात, उद्या त्या. नदीकाठी खड्डा खणला. बायकांनी खलबत्ते, तपेल्या, हंडे आणून टाकले, या काठच्याही, त्या काठच्याही. तेव्हा हे एकच गाव होतं म्हणे, एकच चर्च, आमच्या बाजूचं. वेगळं कधी झालं? तर १८१५ साली. नेपोलियन पडला, राजे लोक व्हिएन्नाला जमले, नकाशावर नदी दिसली, ओढली रेघ! अर्धे नातलग या देशात, अर्धे त्या देशात. घंटा आमच्याकडे राहिली, डालबाखनं नवं चर्च बांधलं.

"म्हणजे घंटा आमचीच," मी म्हटलं.

"अर्धी," अग्नेस म्हणाली.

इतका राग आला! आणि रागात हसू आलं. माझ्या खापरपणजीचा हंडा आहे त्यात. तिच्याही.

१५ मार्च

एमिलला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल बादली धू. पण बोलला. लग्नापासून एका दमात एवढं बोलला नसेल. "माझी आजी डालबाखच्या गिरणीत दळण न्यायची. नाका नव्हता, दांडा नव्हता. आपली आणि त्यांची जकात एकच होती, ऐंशीएक वर्षं. पहिल्या लढाईनंतर दांडा आला. मी पोरगा होतो. आजी दळण घेऊन गेली आणि नाकेदारानं परत पाठवली. बाकावर बसून राहिली दिवसभर."

मग उठून गाईंकडे गेला.

२२ मार्च, रविवार

डालबाखच्या खानावळीत दोन्ही गावांची सभा. आमच्या दहा जणांना सरपंचानं एका दिवसाचे पास काढून दिले. काय तमाशा! आमचा सरपंच म्हणतो, परत द्या. त्यांचा म्हणतो, बुरूज घंटेच्या मापानं बांधलाय. आमचा म्हणतो, लढाई कुणी सुरू केली? मग सगळेच उठले. कुणी म्हणालं, उन्हाळा इकडे, हिवाळा तिकडे. मागून एक म्हातारा ओरडला, "करवत आणा!"

अग्नेस माझ्या बाजूला येऊन बसली. "कॅट, तुला नक्की काय हवंय? घंटा, की टोल?"

मी लोइसचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

"मग ये आणि मार टोल. दोर आहे, घंटा आहे. सरपंच भांडू देत."

"तुमच्या बुरुजात? तुमच्या वर्दीत मेला तो. तेवढं पुरे झालं."

तिनं मान हलवली. रागावली नाही. म्हणाली, "माझाही त्याच वर्दीत मेला. सतरा वर्षांचा होता. त्याचेही राहिलेत. मारवत नाहीत."

२३ मार्च

सासऱ्यांचा दोर फडताळातून काढला. चरबी चोळली. नुसती चोळली.

२५ मार्च

शनिवारी जाणार. एमिलला सांगितलं.  फादरांना सांगितलं, त्यांनी रविवारच्या आधीच अख्ख्या गावाला सांगितलं!

२८ मार्च, शनिवार

झालं. मारले.

दुपारी तीनला. अग्नेसनं बुरुजाचं दार उघडं ठेवलं होतं. पहिला टोल — वाटलं छातीच फुटते. दहापर्यंत मोजले, मग मोजता येईना. अग्नेस मोजत होती मागे उभी राहून, मोठ्यानं. एकवीस म्हणाली, मी दोर सोडला नाही. म्हटलं, "ये." तिनं हात लावला. सतरा आणखी. दोघींनी. मोजले मी.

इतका आवाज, इतका! खाली आलो तर दोघींचेही कान गेलेले. एकमेकींशी ओरडून बोलत होतो आणि हसत होतो, रडत होतो, कळत नव्हतं काय करतोय. तिनं बटाट्याची धिरडी घातली. आज पाच खाल्ली.

मग साकवावर आले. अख्खं शाइडेल नाक्यावर उभं! चाळीस तरी माणसं. पलीकडे यायला निघालेली, पण पास कुणाकडे? दांड्याला टेकून टोल ऐकत उभी राहिली. आणि सगळ्यांच्या पुढे, दांड्यावर दोन्ही हात ठेवून, टोपी काढून — एमिल.

नेकेल माझ्याशी नजर मिळवेना. "कॅटबाई, ते तीनला दहा कमी असताना आले. म्हणाले, उघड, मला पोराकडे जायचंय. मी म्हटलं, पास. मी काय करू? नियम आहे. कोळशाची गाडी असती तर सोडली असती."

एमिल म्हणाला, "ऐकू आलं इथूनही." मग टोपी घालत, "शेवटचे जरा पुसट."

शेवटचे लोइसचे नव्हतेच, सांगितलं त्याला. कुणाचे ते सांगितलं. त्यानं टोपी घातली होती. परत काढली.

३० मार्च, सोमवार

थाइडला बोलावून पत्र लिहवून घेतलं. तीन प्रती: दोन्ही देशांच्या नाक्यांच्या साहेबांना, आणि राजधानीतल्या त्या सहा देशांच्या हापिसाला. दोन्ही सरपंच सही करेनात, म्हणून खाली सही माझी आणि अग्नेसची. थाइड गोड भाषा घालत होता, मी खोडायला लावली. एवढंच ठेवलं:

घंटा राहू द्या तिथंच. दांडा काढा. लोखंड बिनपासाचं जातं, माणूस का नाही? मुदत ईस्टरनंतरचा रविवार, १२ एप्रिल. चर्चातली सकाळची मिस्सा सुटायच्या आत उत्तर पाहिजे — हो की नाही.