सूर्याकडे पाठ करून पाहिलेलं ग्रहण

रुआबांधा, भिलाई
सोमवार, २७ जुलै २००९

ती. नलूताईस,

तेजरामचे दोन नमस्कार. पहिला धाकट्या भावाचा, पायांवर डोकं ठेवून. दुसरा मुलीच्या बापाचा, जरा अंतर राखून, कारण हे पत्र वाचता वाचता तुझे पाय कुठल्या दिशेने निघतील याची मला खात्री नाही. सख्ख्या बहिणीच्या घरात मुलगी दिली की सोयरीक घट्ट होते, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं. पण मग रागावणारी बहीण आणि रागावणारी विहीण एकच होते आणि मध्यस्थी करायला कोणी उरत नाही, हे एकानेही सांगितलं नाही. म्हणून आधीच ठरवून टाकतो: या पत्रात जिथे मला धीर असेल तिथे मी तुला 'तू' म्हणेन आणि जिथे धाकधूक वाटेल तिथे 'आपण'. तुझ्या गुडघ्याला तिळाचं तेल लागू पडलं का? भाऊजींची साखर कुठवर आली? (चहात दोन चमचे घालूनही ते गोड नाही म्हणतात, तेव्हा रक्तात किती आहे ते विचारायला नकोच.) इकडे सगळे खुशाल. गुंजनला सातवा लागून पंधरवडा झाला. परवा शनिवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आई आणि बाळ दोघंही ठणठणीत आहेत. हे शेवटचं वाक्य कृपया दोनदा वाचावं आणि मगच खाली उतरावं.

तर, आपण बावीस तारखेला पहाटे पाचला फोन केलात तेव्हा कमलिनीने "गुंजन खोलीत आहे, दार लावून आहे" असं सांगितलं. ते अगदी खरं होतं. (मीच दोन मिनिटं आधी मोबाइलवर तिला तसं कळवलं होतं. तुझी वहिनी खोटं बोलत नाही.) खोली कुठली, ते मात्र आपण विचारलं नाही. ती खोली मध्यप्रदेशात सतन्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेची होती, इयत्ता तिसरी. दार लावून गुंजन बूट घालत होती, कारण तासाभराने ती शाळेच्या मैदानात उभी राहून खग्रास सूर्यग्रहण बघणार होती. आणि तिने ते बघितलं. झालं, सांगून टाकलं. आता तू जरा पाणी पी.

मी इतका सत्यवादी एकदम कसा झालो, असं तुझ्या मनात येईल. त्याचं कारण आमच्या सहलीच्या प्रमुखांनी, डॉ. दाणींनी, गुंजनचा ग्रहण बघतानाचा फोटो नागपूरच्या ज्या मराठी पेपरला पाठवला आहे तोच पेपर तुझ्याकडे आमगावला येतो. फोटो येत्या रविवारी पुरवणीत छापून येणार आहे. तोंड काचेमागे आहे, पण पोट काचेमागे नाही, आणि खांद्यावर तू संक्रांतीला दिलेली शेंदरी ओढणी आहे. पेपरवाल्याच्या आधी पोस्टमन पोचावा म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने पाठवतो आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. कॉलेजात असल्यापासून गुंजन इथल्या आकाश बघणाऱ्या मंडळात आहे, हे तुला माहीत आहे. (लग्नाच्या वेळी तू विचारलं होतंस, पोरगी रात्री गच्चीवर काय करते? तेच.) जूनमध्ये बाळंतपणाला आली तीच मुळी पेटीतून दुर्बीण काढून पुसत बसली. दाणी सरांची तज्ज्ञ मंडळी ग्रहण बघायला सतन्याला निघाली होती, हिलाही जायचं होतं. मी नाही म्हणालो. मी चांगलं ठणकावून नाही म्हणालो. तर म्हणते, "बाबा, इसके बाद सीधा दो हजार चौतीस में, तेही काश्मीरात. तवापर्यंत हे पोटातलं लेकरू नोकरीले लागलं राहीन. मले कावून नाही म्हणता?" मी ब्लास्ट फर्नेसवर पस्तीस वर्षं काढली, फोरमनला उत्तर दिलं, युनियनला उत्तर दिलं, पण हिच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर ढकललं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या प्रवास जपून करा, ग्रहणाचं मला विचारू नका. मग मी सोबत निघालो. मनाशी म्हटलं, तज्ज्ञांबरोबर जातो आहोत, शिकलेली माणसं, त्यांच्याकडे वेडगळ समजुती नसतात.

ताई, तू फोनवर मला अकरा नियम सांगितले होतेस. चाकू धरायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही वगैरे. मी सगळे वहीत उतरवून घेतले होते. दुर्गला सारनाथ एक्सप्रेसमध्ये बसल्यापासून मी तज्ज्ञांचेही उतरवून घ्यायला लागलो, ते चौदा भरले. दाणी सरांनी जुलै महिन्यात, बिलासपूरच्या त्या उकाड्यात, लोकरीचा स्वेटर घातला होता, कारण पंच्याण्णव सालच्या राजस्थानातल्या ग्रहणाला तो अंगात होता आणि आकाश स्वच्छ मिळालं होतं. तेव्हापासून तो धुतलेला नाही. (हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, मी समोरच्याच बर्थवर होतो.) दुर्बिणीचं झाकण ग्रहण लागेपर्यंत पूर्वेकडे तोंड करून उघडायचं नाही. "उद्या दिसेल" असं कोणी म्हणायचं नाही. आणि नागपूरच्या एका सद्गृहस्थांनी आजवर गाठलेली तिन्ही ग्रहणं ढगात गेली, म्हणून त्यांना गाडीची तारीखच दुसऱ्या दिवसाची सांगितली होती. हे मी एका पीएच.डी. झालेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं.

सगळ्यात कडक सोवळं सिंधुताईंचं. अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त प्राध्यापिका, ग्रहणामागे पाच देश फिरलेल्या. त्यांचा नियम असा की ढग हा शब्द उच्चारायचा नाही, 'पाहुणे' म्हणायचं. त्यामुळे सतन्याला उतरल्यापासून ही सतरा विद्वान माणसं वर बघून एकमेकांना हळू आवाजात विचारत होती, पाहुणे किती आलेत, पाहुणे थांबणार की जाणार. शाळेचा चपराशी बिचारा आणखी पोळ्या टाकायला सांगायला निघाला होता. सिंधुताई आदल्या रात्रीपासून जेवल्या नाहीत. मी म्हटलं, "ताई, हे तर वेध पाळणं झालं." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नापास झालेला विद्यार्थी आहे, आणि म्हणाल्या, "वेध कसले? पोट भरलेलं असलं की कॅमेऱ्यावर माझा हात थरथरतो." त्यांची आणि तुझी गाठ घालून द्यावी असं माझ्या फार मनात आहे.

बावीस तारखेला साडेपाचला सगळे मैदानात. पेट्या उघडल्या, तिपाया रोवल्या, आणि वर बघतो तर पूर्वेला हे एवढे पाहुणे, बिऱ्हाड घेऊन आलेले. गुंजनसाठी मी आपल्या प्लांटच्या वेल्डिंग शॉपमधून चौदा नंबरची काच आणली होती. (दाणी सरांनी ती तपासून पास केली, डोळ्यांची काळजी करू नये.) ती काच तिच्या हातात, आणि चेहरा असा उतरलेला की मला बघवेना. तिचं मन हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "ढग तं भलतेच झाले बेटा, पण हटतीन."

ताई, भर मांडवात शिंकल्यावरही कोणाकडे असं बघत नाहीत. सिंधुताई तरातरा आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आता सूर्याकडे बघू नका. पाठ करून उभे राहा. अगदी शेवटपर्यंत!" एका विज्ञानाच्या बाईंनी एका पेन्शनर माणसाला मैदानात शिक्षा करून उभं केलं आणि सोळा विद्वानांपैकी एकानेही माझी बाजू घेतली नाही. गुंजनसुद्धा हसली. मी पाठ करून उभा राहिलो आणि, खोटं वाटेल, सहा वाजून दहा मिनिटांनी ढग फाटले.

म्हणून मी सहाशे किलोमीटर जाऊन ग्रहण बघितलं नाही, ग्रहण बघणारे बघितले. ऊन आधी फिकट झालं, मग आजारी माणसाच्या कातडीसारखं पिवळट. शाळेमागच्या लिंबावर कावळे परत येऊन बसले, गार वारा सुटला आणि एकाएकी अंधारलं. दाणी सर स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होते. सिंधुताई तीन मिनिटं तोंड उघडं टाकून उभ्या राहिल्या आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायचं विसरल्या, उपाशी राहूनही! गुंजन एवढी ओरडली की कळा लागल्या असंच मला वाटलं, पण ती आनंदाने ओरडली होती. उजेड परत आला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. तिच्या लग्नातसुद्धा मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. (लग्नातही खूश होती. आपण गैरसमज करून घेऊ नये.)

परतीच्या गाडीत तज्ज्ञांची बैठक झाली आणि तेजरामने पाठ केल्यामुळेच ढग हटले, असा शास्त्रीय निष्कर्ष निघाला. मला आता खालचा बर्थ, चहा आणि मान मिळू लागला. दोन हजार बारा साली ऑस्ट्रेलियात ग्रहण आहे. तिथे मला पाठ करून उभं राहायला नेण्याचा त्यांचा विचार आहे.

तर असा हा गुन्हा. रागवायचं ते माझ्यावर रागवावं, मी पोरीचा बाप आहे, मी नेली. फोटोचं कळल्यापासून गुंजनने कमलिनीला दोनदा विचारलं, आत्या मला बाळासकट घरात घेईल ना? आपण तिला काही बोलू नये, एवढीच विनंती. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
तेजराम

ता. क. १: गाडीची तिकिटं कोणी काढली, असं तू विचारशीलच. आपल्या सुजयने. नवरा म्हणून त्याला वाटलं की आईला मामाने सांगितलेलं बरं. तेव्हा राग दोन ठिकाणी वाटून घालायला हरकत नाही, आणि त्यातला मोठा वाटा तुझ्याच घरात आहे.

ता. क. २: वर लिहिलं ते सगळं खरं, पण एक राहिलं. पाठ करून उभं राहायला सिंधुताईंनी सांगितलं, पण कुठे उभं राहायचं ते मी ठरवलं. सूर्य खाली होता, सावल्या लांब पडत होत्या. मी गुंजनच्या समोर चार-पाच पावलांवर उभा राहिलो, जागा जराशी मागेपुढे केली आणि माझी सावली बरोबर तिच्या पोटावर आणली. तिला सूर्य माझ्या डोक्यावरून दिसत होता, पण पोटावर ग्रहणाचं ऊन पडत नव्हतं. कोणाला कळलं नाही, तिलाही नाही. मग अंधार झाला, आणि माझी सावलीच गेली. तीन मिनिटं तिच्या पोटावर माझं काहीच नव्हतं. गुंजन ओरडत होती, "बाबा, पलटून बघा ना, आता काच बी नाही लागत!" सिंधुताईंनीही हात केला, वळा म्हणून. मी वळलो नाही. मी तिच्या पोटाकडे बघत तुझे अकरा नियम मनात म्हणत होतो.

आज पाचवा दिवस, मला झोप नाही. काही होत नाही, हे मला माहीत आहे. दाणी सरांनी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी दाखवून सांगितलं, गुंजन रोज सांगते. पण ते सगळे न घाबरणारे लोक आहेत, त्यांच्या सांगण्याने माझं भ्या जात नाही. तू घाबरणारी आहेस. सुजयच्या वेळी, ऐंशीच्या ग्रहणात, तू दिवसभर अंधाऱ्या खोलीत पाय सरळ करून पडून होतीस. म्हणून तू सांग. हवं तेवढं रागव, पण रागावून झालं की फोनवर एकदा म्हण, "काही नाही होत रे तेज्या." तू म्हणालीस की मी झोपेन.

ता. क. ३: फोन गुंजनने उचलला तर ही गोष्ट काढू नकोस, मला बोलव म्हणून सांग. आपला बाप कशालाच भीत नाही, असं ती सगळ्यांना सांगत असते.