कामिनीच्या गावाचा दरवाजा

सोमवार, २ फेब्रुवारी

तलवारीची तीन दुकानं, आणि पिठाची गिरणी एक नाही! लोक काय तलवारी चावून खातात? बरी आहेस का, जेवलीस का — काही नाही. आल्या आल्या मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

नात माझी, कामिनी. लोणखेड्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिथे त्यांना खेळ बनवायचाय. तिनं नदीकाठचं एक गाव केलंय, भोवती कोट, आत दुकानं. खेळणाऱ्यानं दुकानादुकानात फिरायचं, सामान घ्यायचं आणि पुरातून निघणाऱ्या राक्षसाशी लढायचं. एक म्हातारा बाटलीत उजेड भरून विकतो. एक बाई बोलणारे मासे विकते. कोण घेणार? चिरताना शिव्या देईल तो मासा! कोटाला बुरूज चार, पण पाणी भरायला घाट नाही, म्हशी धुवायला जागा नाही. म्हटलं, "तुन्हा गावमा बाया ऱ्हातस का नही?"

म्हणते, "मोठी माय, हाई खोटं गाव शे!"

खोट्या गावाला काय खोटी भूक लागते?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गिरणी आली. घाट आला. कासार पण आला, पण बाईचा हात न दाबताच बांगडी चढवतो मेला! काय कामाचा.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

अक्षर असंच येणार. चौथीच शिकले आहे, कोण बघतंय.

त्या गावाला नदीकडे एक दरवाजा केलाय, तापीकाठच्या आमच्या जुन्या गावाला होता तसा. वर पाटी — 'वीर दोधू पाटील दरवाजा'. आमचे हे! उभ्या जन्मात मी यांचं नाव घेतलं नाही, आज पाटीपायी लिहावं लागलं. खाली लिहिलंय, यांनी महापुरात दरवाजा लावला आणि अख्खं गाव वाचवलं. बाजूला यांचा पुतळा. त्याच्यापुढे उभं राहिलं की खेळणाऱ्याची ताकद वाढते म्हणे! जिवंतपणी यांच्यापुढे उभं राहून माझी तर कधी वाढली नाही.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"पप्पांनी सांगं."

म्हटलं, काढ. आत्ताच्या आत्ता काढ. तेवढ्यात हेमकांत, माझा मुलगा, मिरच्या वाळवायच्या पथारीवरून खोकत घरी आला. म्हणे, "माय, आप्पानं नाव ऱ्हाऊ दे ना. कोन्हं काय बिघडस?"

बापाचं नाव एवढं प्यारं आहे, तर बापाच्या म्हशी का विकल्यास रे? पाटी मात्र तशीच आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कोणाशी बोलले नाही. स्वतःचा चहा स्वतः केला, आणि दोघांच्या देखत एकटीनं प्यायले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

ती मासेवाली म्हणजे आमची कौसाबाई आहे! मीच कधीतरी कामिनीला सांगून बसले होते की जुन्या गावात कौसा सुके मासे विकायची, बोलायला लागली की बाजार थांबायचा. पोरीनं तिला दुकान दिलं, तेही भर चौकात, कासाराच्या शेजारी.

म्हटलं, कौसा चौकात नव्हती. मासेवाल्यांना कोटाच्या आत घर नव्हतं. तिची झोपडी बाहेर, काठावर.

कामिनी म्हणाली, "मग पूर आला तेव्हा ती कुठे गेली?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दूध उतू जातंय ते बघ. दूध चुलीवर नव्हतंच.

रीत अशी होती. पाणी कोटाला लागलं की पाटलाच्या घरातल्या सवाशिणीनं दरवाजात तापीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरली, दार लागलं, की पाणी उतरेपर्यंत उघडायचं नाही. उघडलं तर तापी ओटी परत द्यायला आत येते. सगळे मानायचे. म्हातारे मानायचे, शिकलेला तलाठी पण मानायचा. दार वाजलं तर म्हणायचे, लाकडं आपटतायत.

लाकडं नाव घेऊन हाक मारत नाहीत!

रविवार, ८ फेब्रुवारी

नवीनच उद्योग. कौसाचा मुलगा फत्तेसिंग खांडबाऱ्याला राहतो. पुराच्या वेळी सहा वर्षांचा होता, मामाकडे होता म्हणून वाचला. त्याची नात कामिनीच्याच वर्गात निघाली. परवा म्हातारा आपल्या घरी येतोय — खेळातलं आईचं दुकान बघायला!

"त्याला कोणी बोलावलं?"

"मी. मोठी माय, त्याच्याजवळ तिचा एक फोटो पण नही."

हेमकांत म्हणे, बरं झालं, आप्पांचा दरवाजा पण बघेल. मी हातातलं लाटणं आपटलं. म्हटलं, त्या माणसाला तो दरवाजा दाखवलास तर या घरात मी पाणी पिणार नाही. म्हणे, "माय, तुले व्हयनं काय?"

काय व्हयनं ते सांगायला तोंड लागतं. इतर सगळ्याला आहे मला तोंड.

मंगळवार, १० फेब्रुवारी

फत्तेसिंग ओसरीत बसलाय. दुकान बघितलं, डोळे पुसले. मग दरवाजा बघितला. हेमकांतला विचारतोय, पाटील त्या दिवशी दारावरच होते ना, मग माझ्या मायनं दार वाजवलं का, ते त्यांनी घरात कधी सांगितलं का. मी आत येऊन हे लिहितेय. लिहून झालं की बाहेर जाते.

पाटील त्या दिवशी शहाद्याला अडकले होते. ओटी मी भरली. अडसर मी घातला. "शांती, मी शे, कौसा!" — किती वेळा, ते मला माहीत आहे.

हेमकांतनं तोंड उघडायचं नाही. कामिनीनंही नाही. त्याला उत्तर मी देणार.